ध्रुवित प्रकाश : स्फटिकापासून साखरेच्या उताऱ्यापर्यंत

साखर कारखान्यात येणारा ऊस दोन तराजूंवर तोलला जातो. पहिला तराजू म्हणजे प्रवेशद्वाराजवळचा वजनकाटा. तो सर्वांच्या परिचयाचा असून त्याच्या अचूकतेविषयी शेतकरी, संचालक व शासकीय यंत्रणा हे तिघेही जागरूक असतात. दुसरा तराजू प्रयोगशाळेत असतो. त्यावर उसाचे वजन होत नाही, उसातील साखरेचे होते. हा तराजू लोखंडाचा नसून प्रकाशाचा आहे. त्याचे नाव ध्रुवणमापी, म्हणजेच पोलारिमीटर. कारखान्याच्या दैनिक अहवालात रसाचा 'ब्रिक्स' आणि रसाचा 'पोल' असे दोन रकाने असतात. त्यांतील 'पोल' हा शब्द याच उपकरणावरून, प्रकाशाच्या ध्रुवणावरून, रूढ झालेला आहे.

ग्रामीण महाराष्ट्राच्या अर्थव्यवहारात 'उतारा' या शब्दाला जे महत्त्व आहे, ते निराळे सांगावयास नको. त्या उताऱ्याच्या हिशोबामागे उभे असलेले शास्त्र मात्र फारसे चर्चिले जात नाही. एका पारदर्शक दगडापासून सुरू झालेला हा शोध रसायनशास्त्रात, औषधनिर्मितीत व खगोलशास्त्रात कसा पोचला, आणि ऊस उत्पादकाच्या दराशी त्याचा संबंध कसा जडला, याचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कंपनांची दिशा

प्रकाश हा तरंगरूपाने प्रवास करतो. शांत पाण्यावरील लाट पुढे सरकत असता पाण्याचा पृष्ठभाग वरखाली होतो. त्याचप्रमाणे प्रकाशतरंगातील विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे प्रकाशाच्या मार्गाशी काटकोन करून कंप पावतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशात ही कंपने मार्गाभोवतीच्या सर्व दिशांना होत असतात. ती सर्व एकाच प्रतलात आणली गेली, की त्या प्रकाशाला 'समतल ध्रुवित प्रकाश' म्हणतात, आणि या क्रियेला 'ध्रुवण'.

यासाठी गजांच्या खिडकीचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. उभ्या गजांमधून एक दोरी ओवून तिचे टोक हलवले, तर वरखाली होणारी लाट पलीकडे जाते. आडवी लाट गजांना अडून थांबते. पलीकडे आडव्या गजांची दुसरी खिडकी ठेवली, तर पहिलीतून सुटलेली लाटही तेथे अडते. ध्रुवणकारी पदार्थाच्या दोन चकत्या एकमेकींशी काटकोनात धरल्या असता प्रकाश अडतो, तो असाच. शिक्षकांनी एवढे मात्र ध्यानी ठेवावे, की हे उदाहरण समजुतीपुरतेच आहे. पोलरॉइड चकतीमधील लांब रेणूंच्या साखळ्या त्यांना समांतर असणारी कंपने शोषून घेतात व काटकोनातील कंपनांना वाट देतात.

या प्रकाशाची विशेषता अशी, की मानवी डोळ्याला साधा प्रकाश व ध्रुवित प्रकाश यांतील भेद सहसा जाणवत नाही. रंग आणि तेज आपल्याला दिसते. कंपनाची दिशा दिसत नाही. मधमाशीला मात्र ती कळते. आकाशाच्या निळ्या प्रकाशातील ध्रुवणाचा आराखडा पाहून, सूर्य ढगाआड असतानाही ती दिशा ठरवते, असे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

स्फटिकातील दोन प्रतिमा

या शोधाचा आरंभ १६६९ मध्ये झाला. आइसलँडमध्ये सापडणारा कॅल्साइटचा स्वच्छ स्फटिक कागदावर ठेवला असता त्याखालील प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते, असे डेन्मार्कमधील रास्मुस बार्टोलिन यांनी नोंदवले. स्फटिकात शिरणाऱ्या एका किरणाचे दोन किरण होतात. पुढे १६९० मध्ये क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात याची मीमांसा केली. हे दोन किरण दुसऱ्या स्फटिकातून नेले असता पुन्हा नेहमीसारखे दुभंगत नाहीत, असेही त्यांच्या लक्षात आले होते. पण त्याचे कारण त्यांना देता आले नाही.

त्यानंतर एक शतकाहून अधिक काळ लोटला. १८०८ मध्ये पॅरिस येथे एत्येन लुई माल्युस हे लष्करी अभियंते असाच एक स्फटिक डोळ्यांशी धरून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांकडे पाहत होते. मावळत्या सूर्याचा प्रकाश त्या काचांवरून परावर्तित होत होता. स्फटिक फिरवताच दोन प्रतिमांपैकी एक मंद होत गेली व दुसरी उजळली. स्फटिकातून बाहेर पडणाऱ्या किरणांचा गुण साध्या काचेवरून परतलेल्या प्रकाशातही होता. ध्रुवण हे एखाद्या दुर्मिळ दगडाचे वैशिष्ट्य नसून प्रकाशाचाच धर्म आहे, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली. चुंबकाला जसे ध्रुव असतात तसे प्रकाशकणांनाही असावेत, या कल्पनेतून माल्युस यांनी 'पोलरायझेशन' हा शब्द योजला. ती कल्पना टिकली नाही, शब्द टिकला.

दोन ध्रुवकांमधील कोन वाढत गेला, की पलीकडे जाणारा प्रकाश किती कमी होतो याचा नियमही माल्युस यांचाच. पहिल्या ध्रुवकातून आलेल्या प्रकाशापैकी ४५ अंशांच्या कोनास निम्मा, ६० अंशांस एक चतुर्थांश व ९० अंशांस शून्य प्रकाश दुसऱ्या ध्रुवकातून पार होतो. १८२१ मध्ये ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी प्रकाशाची कंपने मार्गाशी काटकोनात होतात असे प्रतिपादन केले, आणि या सर्व निरीक्षणांचा एकत्रित उलगडा झाला. विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये कॅल्साइटचे दोन तुकडे जोडून बनवलेला लोलक पुढे प्रयोगशाळांचे नित्याचे साधन बनला.

द्रावणात वळणारा प्रकाश

रसायनशास्त्राशी या विषयाचा संबंध जोडला तो झाँ-बातीस्त ब्यो यांनी. १८१५ मध्ये त्यांना असे आढळले, की टर्पेंटाइनसारख्या काही सेंद्रिय द्रवांतून व साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश पाठवला असता त्याचे कंपनप्रतल एका बाजूस वळते. स्फटिकाच्या बाबतीत अणूंच्या सुबक मांडणीचे कारण देता येत होते. द्रवात तशी मांडणी नसते. तेव्हा प्रकाश वळवण्याचा हा गुण प्रत्येक रेणूच्या अंगीच असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

ब्यो यांचा नियम सोपा आहे. द्रावण जितके अधिक तीव्र आणि प्रकाशाचा द्रावणातील मार्ग जितका लांब, तितके प्रतल अधिक वळते. म्हणजे नळीची लांबी ठाऊक असली, की वळण मोजून द्रावणात किती पदार्थ आहे हे सांगता येते. द्रावण आटवावे लागत नाही किंवा पदार्थ वेगळा काढावा लागत नाही. प्रकाशाचा तराजू होतो तो असा.

हा गुण रेणूत येतो कोठून, याचे उत्तर १८४८ मध्ये पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चर यांनी दिले. आपल्या चिंचेत जे टार्टारिक आम्ल असते, तेच द्राक्षांपासून मद्य करताना पिंपांत साचणाऱ्या गाळातही असते. हे आम्ल प्रकाश वळवते. परंतु त्याच घटकांचे बनलेले एक दुसरे आम्ल प्रकाश मुळीच वळवत नसे. या दुसऱ्या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक पाश्चर यांनी भिंगाखाली तपासले, तेव्हा त्यांत दोन प्रकार आढळले. डावा हात आणि उजवा हात यांच्यात जे साम्य आणि जो भेद असतो, तोच या दोन प्रकारांत होता. पाश्चर यांनी चिमट्याने एकेक स्फटिक निवडून दोन ढीग केले. एका ढिगाचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवू लागले, दुसऱ्याचे डावीकडे. दोन्ही समप्रमाणात मिसळताच परिणाम शून्य झाला.

ही वार्ता ऐकून ब्यो यांनी तरुण पाश्चरना बोलावून घेतले व संपूर्ण प्रयोग आपल्यासमोर पुन्हा करावयास लावला. ब्यो त्या वेळी ७४ वर्षांचे होते. वापरावयाचे आम्ल त्यांनी स्वतः दिले, आणि द्रावणाचे वाचनही स्वतः घेतले. विज्ञानात ज्येष्ठाने कनिष्ठाची परीक्षा कशी घ्यावी आणि पटल्यावर त्यास कसे उचलून धरावे, याचा हा आदर्श पाठ होय. पुढे १८७४ मध्ये व्हांट हॉफ व ल बेल यांनी स्वतंत्रपणे असे मांडले, की कार्बन अणूचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात. त्यांना चार निरनिराळे गट जोडले गेले, की रेणूची डावी व उजवी अशी दोन रूपे संभवतात. रेणू सपाट नसून त्याला लांबी, रुंदी व उंची असते, हा विचार येथून दृढ झाला.

साखरेची मोजपट्टी

कारखान्यातील ध्रुवणमापीची रचना वरील विवेचनावरून सहज कळेल. एका टोकास ठरावीक रंगाचा प्रकाश देणारा दिवा, त्यापुढे ध्रुवक, मध्ये द्रावणाने भरलेली काचेची नळी, आणि अखेरीस फिरता दुसरा ध्रुवक व अंशांची पट्टी. नळी रिकामी असताना दोन ध्रुवक काटकोनात ठेवले, की अंधार होतो. नळीत साखरेचे द्रावण भरताच प्रतल वळते व प्रकाश दिसू लागतो. पुन्हा अंधार होईपर्यंत दुसरा ध्रुवक जेवढा फिरवावा लागतो, तेवढे द्रावणाचे वळण. आजची उपकरणे हे काम स्वयंचलित रीतीने करून आकडा पडद्यावर दाखवतात. तत्त्व तेच आहे.

साखर उद्योगासाठी यावर एक सोयीची मोजपट्टी बसवण्यात आली आहे. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यात विरघळवून १०० मिलिलिटर द्रावण करावयाचे, ते २०० मिलिमीटर लांबीच्या नळीत भरावयाचे आणि २० अंश सेल्सिअस तापमानास वाचन घ्यावयाचे. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात हे वळण सुमारे ३४.६ अंश भरते. साखरेच्या मोजपट्टीवर त्यालाच १०० अंश मानले जाते. एखाद्या नमुन्याचे २६ ग्रॅम घेऊन हीच कृती केली व वाचन ८५ आले, तर त्याचा पोल ८५ टक्के झाला. साखरेच्या विश्लेषणाच्या पद्धती जगभर एकसारख्या असाव्यात यासाठी १८९७ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग कार्य करीत आला आहे.

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या सर्व घन पदार्थांचे प्रमाण. त्यात साखरेबरोबर क्षार, ग्लुकोज आणि इतर द्रव्येही आली. पोल म्हणजे त्यांपैकी प्रकाश वळवणाऱ्या साखरेचे प्रमाण. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले, की रसाची शुद्धता मिळते. समजा, रसाचा ब्रिक्स २० व पोल १७ आहे. तर शुद्धता ८५ टक्के झाली. शेतात हाताच्या रिफ्रॅक्टोमीटरने जो आकडा मिळतो तो ब्रिक्स असतो. केवळ त्यावरून उसात साखर किती, याचे पूर्ण उत्तर मिळत नाही, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते.

उतारा आणि दर

गाळलेल्या उसाच्या वजनाच्या शेकडा किती साखर प्रत्यक्ष हाती आली, तो उतारा. उसातील सर्व साखर पोत्यात पोचत नाही. काही बगॅसमध्ये राहते, काही प्रेसमडमध्ये, काही मळीत, तर काही प्रक्रियेतच नष्ट होते. समजा, उसात १३ टक्के पोल आहे आणि या सर्व वाटांनी मिळून २ टक्के गेला, तर उतारा ११ टक्क्यांच्या आसपास राहील. यांतील प्रत्येक वाटेवर किती साखर गळते, हे ध्रुवणमापीच सांगतो. बगॅसमधील पोल वाढला, तर दोष गिरणीचा आहे; मळीतील वाढला, तर तो उकळण प्रक्रियेत शोधावा लागतो. हंगामाच्या मधल्या टप्प्यावर कढईत व टाक्यांत जो अर्धपक्व माल असतो, त्यातील साखरेचा अंदाजही विश्लेषणावरूनच बांधला जातो. उसाचा रस किंवा साखरयुक्त मळी इथेनॉलसाठी वळवली जाते, तेव्हा तिच्यातील साखर तर पोत्यात दिसतच नाही. तिचा हिशोब मांडण्यास प्रयोगशाळेच्या आकड्यांचाच आधार असतो.

या आकड्यांवर काय अवलंबून आहे? ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ यामध्ये २००९ साली दुरुस्ती होऊन किमान वैधानिक दराच्या जागी 'रास्त व किफायतशीर दर' आला. तो साखरेच्या उताऱ्याशी निगडित आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के पायाभूत उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये दर जाहीर झाला. त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे अधिक, आणि खाली त्याच प्रमाणात घट. मात्र ९.५ टक्के वा त्याहून कमी उतारा असलेल्या कारखान्यांसाठी दर ३२९ रुपये ५ पैशांवर स्थिर राखण्यात आला.

उताऱ्यातील ०.१ टक्का म्हणजे शेतकऱ्याच्या एका टनामागे ३४ रुपये ६० पैसे. पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या सभासदांच्या दृष्टीने हीच रक्कम १ कोटी ७३ लाख रुपयांवर जाते. प्रकाशाचे प्रतल किंचित कमी वळले की अधिक, यावर एवढा व्यवहार अवलंबून असेल, तर त्या वाचनाची शिस्तही वजनकाट्याच्या तोडीची असावयास हवी.

शिळा ऊस, फसवे वाचन

उसातील साखरेला रसायनशास्त्रात सुक्रोज म्हणतात. ती प्रकाश उजवीकडे वळवते; तिचे विशिष्ट वळण अधिक ६६.५ अंश आहे. ऊस तोडल्यानंतर तो फडात किंवा गव्हाणीपाशी पडून राहिला, की विकरे व सूक्ष्मजीव सुक्रोजचे विघटन करून ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार करतात. ग्लुकोज उजवीकडे सुमारे ५३ अंश वळवते, तर फ्रुक्टोज डावीकडे सुमारे ९२ अंश. दोहोंचे समप्रमाण मिश्रण परिणामी डावीकडे सुमारे २० अंश वळवते. उजवीकडचे वळण डावीकडे उलटते, म्हणून या क्रियेला 'अपवर्तन' न म्हणता 'व्युत्क्रमण' असे म्हणणे इष्ट. व्युत्क्रमित साखरेचे दाणे बनत नाहीत. ती मळीत जाते आणि आपल्याबरोबर काही चांगली साखरही नेते. तोडीनंतर शक्यतो २४ तासांच्या आत ऊस गाळावा, ही शिफारस याच कारणास्तव केली जाते. जळलेल्या उसाच्या बाबतीत तर हा नाश अधिक वेगाने होतो.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. शिळ्या उसात काही जिवाणूंची वाढ होऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. डेक्स्ट्रान प्रकाश उजवीकडे वळवतो, आणि तोही सुक्रोजच्या जवळजवळ तिप्पट. त्यामुळे रसात डेक्स्ट्रान असेल, तर पोलचे वाचन वास्तवापेक्षा अधिक येते. कागदावर साखर दिसते, परंतु ती पोत्यात उतरत नाही. शिवाय डेक्स्ट्रानमुळे रस गाळण्यास वेळ लागतो व साखरेचे दाणे लांबट होतात. अहवालातील पोल आणि प्रत्यक्ष साखर यांच्यात तफावत पडली, तर मोजणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्यापूर्वी उसाच्या ताजेपणाची चौकशी करणे योग्य ठरेल.

पोल म्हणजे नेमके सुक्रोज नव्हे. नमुन्यातील सर्व प्रकाशवलनी द्रव्यांचा तो एकत्रित परिणाम आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. अधिक नेमकेपणा हवा असता नमुन्याचे एक वाचन व्युत्क्रमणापूर्वी व एक नंतर घेतात, आणि दोहोंच्या फरकावरून सुक्रोज काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लर्जे यांनी सुचवलेली ही पद्धत दुहेरी ध्रुवण म्हणून ओळखली जाते.

उपकरणाच्या विश्वासार्हतेसाठी काही साध्या बाबी पाहाव्या लागतात. ज्ञात वळणाच्या क्वार्ट्झ पट्टिकेने उपकरण नियमितपणे तपासले जाते काय? प्रयोगशाळेचे तापमान २० अंशांच्या जवळ राखले जाते, किंवा वाचनात तशी दुरुस्ती केली जाते काय? रस गाळून पुरेसा स्वच्छ केला जातो काय? नमुना साऱ्या गाळपाचे प्रतिनिधित्व करतो काय? कारखान्याचे सभासद व संचालक यांनी हे प्रश्न वार्षिक सभेत विचारण्यास काहीच प्रत्यवाय नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेली, आणि पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था, तसेच पाडेगाव येथे १९३२ पासून असलेले ऊस संशोधन केंद्र यांमुळे या विषयातील जाणकार मंडळी आपल्या राज्यातच उपलब्ध आहेत.

औषधांतील डावे-उजवे

सजीवांचे शरीर रेणूंची डावी व उजवी रूपे काटेकोरपणे ओळखते. उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही, त्याप्रमाणे औषधाचे एक रूप शरीरातील ग्राहीस्थानी नेमके बसते, तर दुसरे बसत नाही किंवा भलतेच कार्य करते. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या डोपा या औषधाचे 'लेव्हो' रूपच वापरले जाते. सर्दी व अंगावरील पित्त यांवर सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या लिव्होसेट्रिझीनच्या नावातील 'लिव्हो' हा उपसर्गही डाव्या वळणाचाच निदर्शक आहे.

या संदर्भात थॅलिडोमाइडचे उदाहरण हटकून दिले जाते. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आलेले हे झोपेचे औषध गर्भवती स्त्रियांनी घेतल्यामुळे हजारो बालके अवयवांतील गंभीर व्यंगे घेऊन जन्मास आली. १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले. त्याचे एक रूप निर्धोक होते व केवळ तेच दिले असते तर अनर्थ टळला असता, असे पुष्कळदा शिकवले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. शरीरात गेल्यावर या औषधाची दोन्ही रूपे एकमेकांत बदलतात. त्यामुळे निवडलेले रूपही सुरक्षित राहिले नसते. नव्या औषधाच्या दोन्ही रूपांची स्वतंत्र तपासणी का करावी लागते, याचे उत्तर या प्रकरणात आहे. हवे तेच रूप निर्माण करणाऱ्या उत्प्रेरकांवरील संशोधनाला २००१ व २०२१ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

समुद्राचा निळा रंग

भारतीय विज्ञानाच्या इतिहासातही ध्रुवणाला मानाचे स्थान आहे. सप्टेंबर १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून 'नारकुंडा' या बोटीने परतत होते. खोल समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, अशी त्या वेळी प्रतिष्ठित समजूत होती. रामन यांच्याजवळ एक निकोल लोलक होता. पाण्याच्या पृष्ठभागावरून ठरावीक कोनात परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवित असतो, म्हणून लोलक योग्य दिशेने फिरवून त्यांनी आकाशाचे प्रतिबिंब पुसून टाकले. समुद्र तरीही निळाच दिसला, किंबहुना अधिक गडद दिसला. हा रंग पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी बोट मुंबई बंदरात असतानाच 'नेचर' या नियतकालिकासाठी टिपण लिहिले. त्याच विचाराचा पाठपुरावा करता करता २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणाम हाती आला. नव्याने आढळलेला प्रकाश हा प्रतिदीप्तीचा प्रकार नाही, हे दाखवताना रामन व कृष्णन यांनी त्याच्या ठळक ध्रुवणाचाच पुरावा पुढे केला होता.

आकाशातून येणाऱ्या किरणांचे ध्रुवण तपासून ताऱ्यांभोवतीची चुंबकीय क्षेत्रे कशी पसरली आहेत, याचा अंदाज बांधता येतो. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण रेडिओ तरंगांचे ध्रुवण नोंदवू शकते. १ जानेवारी २०२४ रोजी भारताने सोडलेला 'एक्स्पोसॅट' हा उपग्रह तर क्ष-किरणांचे ध्रुवण मोजण्यासाठीच सिद्ध करण्यात आला.

एक शब्द, अनेक अर्थ

विद्यार्थ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. विद्युत् घटामध्ये तांब्याच्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे साचून प्रवाह क्षीण होतो, त्यालाही ध्रुवण म्हणतात. विजेरीच्या साध्या घटात मँगॅनीज डायऑक्साइड घालतात ते हा दोष दूर करण्यासाठी. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण व दुसरी किंचित धन असते, ती ध्रुवीयता. साखर पाण्यात विरघळते ती तिच्यामुळेच. या सर्वांत 'दोन टोके' ही कल्पना समान असली, तरी प्रकाशाच्या ध्रुवणाशी त्यांची सरमिसळ करू नये. वृत्तपत्रांतील राजकीय ध्रुवीकरणाचा तर पदार्थविज्ञानाशी काहीच संबंध नाही.

शाळेसाठी एक प्रयोग

महागड्या साधनांवाचून हा विषय वर्गात दाखवता येतो. एलसीडी पडद्यातून बाहेर पडणारा प्रकाश ध्रुवित असतो. अशा पडद्यावर पांढरे चित्र लावून पोलरॉइड चष्म्याची एक काच त्यासमोर फिरवली, की पडदा एका स्थितीत काळा होतो. आता पडदा व काच यांच्यामध्ये उभट पेल्यात भरलेला साखरेचा दाट पाक धरावा. काळोखात प्रकाश उमटेल आणि काच फिरवताना रंग पालटताना दिसतील, कारण निरनिराळ्या रंगांचे प्रकाश निरनिराळ्या कोनांतून वळतात. पाक पातळ केला, तर वळण घटते. पाकाऐवजी मिठाचे पाणी घेतले, तर काहीच घडत नाही. ब्यो यांचा नियम आणि साखरेचा तराजू, दोन्ही या एका प्रयोगात येतात. कोणत्याही चष्म्यातून वा चकतीतून सूर्याकडे थेट पाहू नये, ही ताकीद मात्र विद्यार्थ्यांना आधी द्यावी.

१९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तेव्हापासून महाराष्ट्रातील ऊस उत्पादक हा केवळ कच्चा माल पुरवणारा राहिलेला नाही; तो कारखान्याचा मालकही आहे. मालकाला आपल्या तराजूची भाषा कळली पाहिजे. ब्रिक्स, पोल, शुद्धता आणि उतारा हे चार शब्द ज्या गावातील सभासदांना अर्थासह ठाऊक असतील, तेथे प्रयोगशाळेचा अहवाल हा निव्वळ आकड्यांचा कागद राहणार नाही. तोडणीची पाळी, वाहतुकीचा वेळ आणि गाळपाची शिस्त यांविषयी तो बोलू लागेल. त्या दृष्टीने शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शेतकी अधिकारी यांनी एखाद्या हंगामात विद्यार्थ्यांना नजीकच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेऊन हे उपकरण दाखवावे. आपल्या गावच्या उसाचा रस नळीत भरला जातो आणि प्रकाश किती वळला यावरून त्याची गोडी ठरते, हे त्यांनी एकदा प्रत्यक्ष पाहणे अगत्याचे आहे.